आत्याच्या बंबाची मोटर

माझ्या आत्याच्या दिरांनी, म्हणजे आमच्या काकांनी, उभ्या आयुष्यात कोणतीही वस्तू, ती ज्या कामासाठी जन्माला आली त्या कामासाठी, एकदाही वापरली नाही. त्यांची छत्री पावसात उघडलेली कोणी पाहिली नव्हती, पण उन्हाळ्यात ती उलटी होऊन आंब्याखाली कैऱ्या झेलत असायची. घरात एक जुनी बाजाची पेटी होती. तिचे सूर केव्हाच गेले होते, भाता मात्र शाबूत होता. म्हणून काकांनी तिला मागून पत्र्याची नळी बसवून चुलीपाशी नेऊन ठेवली होती, आणि लाकडं ओली असली की ते तिच्यासमोर गवयासारखी मांडी घालून विस्तव फुलवायचे. मच्छरदाणीतून मध गाळला जायचा. मग ते स्वतः डासांत झोपायचे, आणि सकाळी त्यांच्या लाल कपाळाकडे पाहून आत्याने तोंड उघडण्याआधीच सांगायचे, "दोन रात्री मी त्यायले चावू देतो, वयनी. तिसऱ्या रात्री तेच कंटाळतेत."

चांद्याच्या एका लाकूड डेपोत ते मोजणीचे कारकून होते. जंगलातून आलेला सागाचा ओंडका बोटांच्या पेरांनी ठोकायचा, कान तिरका करून आवाज ऐकायचा आणि आत पोकळ आहे की भरीव ते सांगायचं, हे त्यांचं कसब. करवत लावल्यावर ओंडका त्यांनी सांगितला तसाच निघे. अडचण एवढीच होती की घरी येताना हे कसब ते डेपोत ठेवून येत नसत. कलिंगड, भिंत, तांदळाची कोठी, पाहुण्याची ट्रंक, जे हाताशी येईल ते ठोकून ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ताईला, म्हणजे आत्याच्या मुलीला, बघायला गडचिरोलीची मंडळी आली होती तेव्हा काकांनी चहाचा कप पुढे करता करता नवऱ्या मुलाच्या पाठीवर दोनदा टकटक केलं आणि सगळ्यांदेखत आत्याला सांगितलं, "द्या पोरगी. भरीव हाय." पुढे संसार चांगला झाला, त्यामुळे त्यांना त्याबद्दल कोणी काही बोलूही शकत नव्हतं.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी निकाल लागेपर्यंत आत्याकडे राहायला गेले, तेव्हा मी काकांना पहिल्यांदा नीट पाहिलं. माझे वडील फिरतीच्या नोकरीत, आई त्यांच्याबरोबर, आणि मी लहानपणापासून नागपूरच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात. मराठी मला येत होतं, पण वाक्य मी आधी मनात जुळवून घ्यायची, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्याच विषयावर गेलेला असायचा. अनोळखी माणूस समोर आला की तेवढंही जुळत नसे. दारावर कल्हईवाला आला तरी मी आतल्या खोलीत जायची. आत्याचे यजमान वारल्यापासून त्या घरात ती आणि काका अशी दोघंच राहत, तरी आत्या म्हणाली, "घरात तिसरं मानूस हाय का नाई तेच समजत नाई या पोट्टीनं." काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डोक्यावर हलकेच टकटक केलं, कान तिरका केला आणि आत्याला कळवलं, "हाय. आत लय काही हाय." इतका चांगला शेरा मला तोवर एकाही शिक्षिकेने दिला नव्हता.

परसातल्या गोठ्यात गाय नव्हती, मोटर होती. लढाई संपल्यावर फौजेचं उरलंसुरलं सामान लिलावात निघालं, तेव्हा काका नागपूरला घोंगड्या आणायला गेले होते आणि मोटर घेऊन आले. अख्खी नव्हे, सुटी. पाच लाकडी खोक्यांत भरलेली ती मोटर स्टेशनवरून दोन बैलगाड्यांतून घरी आली, आणि घोंगड्यांची वाट पाहणाऱ्या आत्याने ती खोकी उघडताना पाहिली. त्यानंतरची सहा वर्षं काकांनी रोज डेपोतून आल्यावर, रविवारी दिवसभर आणि सणावारी जेवण झाल्यावर मोटर जोडण्यात घालवली होती. तिचं अंग त्यांनी सागवानाचं केलं होतं, कारण लाकडातलंच त्यांना कळत होतं. दारं म्हणजे सरळसरळ कपाटाची दारं होती, कडी-कोयंड्यासकट. फक्त कडी बाहेरून होती, त्यामुळे मागे बसलेल्या माणसाला उतरायचं झालं तर कोणीतरी येऊन त्याला सोडवावं लागे. इंजिन सुरू व्हायचं, दिवे लागायचे, भोंगाही वाजायचा. पण पाचही खोक्यांत एक गोष्ट निघाली नव्हती. इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी पुढे येऊन जिच्यात निवतं, ती रेडिएटरची जाळी कोणीतरी लिलावाआधीच काढून नेली होती. नवी जाळी नागपुरात मिळत होती, पण तिची किंमत ऐकून काकांनी दुकानदाराचं टेबल ठोकून पाहिलं होतं आणि ते परत आले होते. त्यामुळे मोटर गोठ्यातून निघून आंब्यापर्यंत जाई, तिथे तिच्या तोंडातून वाफ येई, आणि मग ती ढकलत गोठ्यात आणली जाई.

माझा उपयोग काकांच्या लगेच लक्षात आला. खोक्यांबरोबर इंजिनाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. काका त्याला 'साहेब' म्हणत. सहा वर्षं त्यांनी साहेबाची नुसती चित्रं पाहून काम भागवलं होतं. आता रोज संध्याकाळी मी गोठ्यात उलट्या टोपलीवर बसून साहेब वाचायची आणि त्याचं मराठी करून सांगायची. माणसांशी बोलण्यापेक्षा हे सोपं होतं, कारण वाक्य जुळेपर्यंत साहेब थांबून राहायचा. काका मात्र त्याच्याशी भांडायचे. "काय म्हनते साहेब?" मी सांगायची, पाणी उकळू लागलं तर इंजिन बंद करून सावलीत उभं करा. "सावलीत! त्याले म्हना, मे महिन्यात चांद्याले येऊन सावली दाखवून दे." साहेब म्हणे, रेडिएटर खराब झाल्यास नवा बसवावा. "हे सांगाले त्याले एवढं मोठं पुस्तक लागलं?"

एके सकाळी आत्याच्या न्हाणीतला पाणी तापवायचा तांब्याचा बंब नाहीसा झाला. तो तिच्या लग्नातला होता. तिने सारं घर पालथं घातलं आणि शेवटी गोठ्यात येऊन पाहिलं, तर बंब मोटरीच्या तोंडाशी आडवा बांधलेला होता, आणि काका त्याच्या मधल्या नळकांड्यात, जिथे एरवी निखारे टाकतात तिथे, तोंड घालून फुंकून पाहत होते. त्यांचा युक्तिवाद असा होता की या नळकांड्यातला विस्तव जर भोवतीचं पाणी तापवू शकतो, तर त्याच नळकांड्यातून जाणारा वारा ते पाणी निववू का शकणार नाही? बंबाला काय, तो आपला मधे उभा. मी साहेब चाळून पाहिला. त्यात बंबाच्या विरुद्ध काहीच लिहिलेलं नव्हतं.

"भाऊजी, मी आंघोळ कशात करू?" आत्या म्हणाली.

"चांद्याच्या उन्हाळ्यात गरम पान्यानं कोन आंघोळ करते, वयनी?"

"आन हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात मोटरीपाशी या बादली घेऊन. इंजिनातून काढून देतो."

बंबाला नळ्या जोडायला काकांनी कल्हईवाल्या चाचांना बोलावलं. चाचा बराच वेळ बंबाभोवती फिरले आणि म्हणाले, "भाऊसाब, ये बंब है. इसकी सात पीढी पानी गरम करते आई. अब तुम बोलते, थंडा कर. बुरा मान जाएगा." पण त्यांनी जोडांना कथलाचे डाग दिले, आणि फार चांगले दिले. तरी बंब गळायचा. तो एका जागी बसून राहणाऱ्या भांड्याच्या जातीचा. मोटरीचे धक्के त्याला सोसत नसत. चाचा इकडची फट बुजवत तर तिकडची उघडे.

गळतीवर उपाय मिळेना तेव्हा काकांनी थंडाव्याकडे लक्ष वळवलं. कचेरीच्या खिडक्यांना उन्हाळ्यात वाळ्याचे ताटे लावून त्यावर पाणी मारतात, तसा एक ताटा त्यांनी बंबापुढे बांधला. तो ओला राहावा म्हणून वर एक माठ बसवला आणि त्याला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात ओवली. महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्र असतं तसा तो माठ वाळ्यावर थेंब थेंब गळत राही. आत्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नकळत तिचे हात जोडले गेले, आणि मग तिला स्वतःचाच राग आला. पण मोटर आंब्याच्या पुढे गेली. वेशीपर्यंत गेली. वाळ्याचा वास सोडत, पाणी ठिबकवत, एखाद्या लग्नघरासारखी ती गावातून फिरून आली, आणि काकांनी जाहीर केलं की ताईच्या तिसऱ्या बाळाच्या बारशाला आपण सगळे मोटरीने गडचिरोलीला जाऊ.

आत्याने हातातलं सूप खाली ठेवलं. "ठीक हाय," ती म्हणाली. "येतो मी. पन एक गोष्ट आयकून घ्या, भाऊजी. बारसं दिवेलागनीले हाय. दिवस बुडायच्या आत तुमची मोटर माह्या पोरीच्या दारात उभी राह्यली, तर राहू द्या तिले गोठ्यात जनमभर. नाई राह्यली, तर आल्याबरोबर भंगारवाल्याले बोलावतो आन गोठ्यात गाय बांधतो. सहा वर्सं झाली, घरात दूध नाई, अन् न्हानीत बंब नाई."

काकांनी कबूल म्हणून मान हलवली. त्या संध्याकाळी त्यांनी साहेब उघडायलाही सांगितलं नाही. मोटरीभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि सगळ्या बाजूंनी तिला ठोकून पाहिलं.

आम्ही पहाटे निघालो. पुढे काका आणि मी, माझ्या मांडीवर साहेब, पायाशी रिकामी घागर. मागे आत्या, आणि तिच्या शेजारी बाळाचा नवा पाळणा. बाहेरून कडी. चांद्याहून मूल गावापर्यंतच्या वाटेत आम्ही सात वेळा थांबलो. बंबातलं पाणी कमी झालं की वाफ यायची, मग काका घागर घेऊन जवळच्या पाणपोईवर नाहीतर घरात जायचे. पाणी घ्यायला त्यांना पाच मिनिटं लागत आणि बोलायला पंचवीस. कोणाचा नातू कितवीत आहे, कोणाच्या विहिरीला यंदा किती हात पाणी आहे, कोणाच्या दाराचं लाकूड साग म्हणून विकलं पण ऐन आहे, हे सगळं ते ठोकून, विचारून यायचे. मी मोटरीत बसून साहेबात तोंड घालायची. मागून आत्या म्हणायची, "सूर्याले सांगा कोनी, भाऊजी बोलून राह्यले, थांब म्हना."

मूलच्या बाजारात मोटर उभी करून आम्ही चहा प्यायलो आणि परत आलो, तर एक पांढरा बैल आमचा वाळ्याचा ताटा शांतपणे संपवत होता. काका धावले. बैलाचा मालक मुळीच ओशाळला नाही. "ओलं, थंड, वास मारते," तो म्हणाला. "बैल हाय भाऊ. काऊन सोडन?" काकांनी त्याच माणसाकडून भाताचं तणस, म्हणजे पेंढा, मागून घेतलं, भिजवलं आणि बंबापुढे बांधलं. मोटरीला दाढी आल्यासारखी दिसू लागली. वाटेवरची पोरं तिला पाहून नमस्कार करू लागली.

सावली गाव मागे पडलं तेव्हा दुपार कलली होती, तरी ऊन भाजत होतं. तणस वाळून उडून गेलं होतं. आणि मग एका खड्ड्यात मोटर आपटली, पुढून एक बारीक आवाज आला, आणि बंबाच्या पोटाखालून पाण्याची धार लागली. काका उतरले. चाचांचे दोन डाग एकदम सुटले होते. चाचा चाळीस मैल मागे होते. काकांनी फटीवर बोट ठेवलं, दुसरीवर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं, आणि तसेच वाकून उभे राहिले. मग दोन्ही बोटं काढली. पाणी वाहून गेलं. ते मोटरीच्या पायरीवर बसले.

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि पंचा तोंडावरच ठेवला. "संपलं, वयनी," ते आतून म्हणाले. "भंगारवाल्याले सांगा. पन एक सांगा त्याले, हातोड्यानं नोको तोडू म्हना. स्क्रू हायेत सगळीकडं. मी खोलून देईन."

मागून आत्याचा हलका आवाज आला, "कडी काढा कोनी." मी कडी काढली. आत्या उतरली, तिने काकांकडे पाहिलं, आणि ती झाडाखाली जाऊन पाठ करून उभी राहिली. तिलाही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

घागर माझ्या पायाशी होती. मी ती कधी उचलली मला आठवत नाही. गाव समोरच होतं, विहीर गावाच्या पलीकडे, आणि पहिलं घर अगदी रस्त्यावर. सगळं गाव तेंदूची पानं तोडायला जंगलात गेलं असावं, कारण त्या घराच्या ओसरीवर एक म्हातारी तेवढी होती. मी चालत असताना वाक्य जुळवलं होतं: बाई, आमची मोटर बंद पडली आहे, तिच्यासाठी थोडं पाणी मिळेल का? दारात पोचले तोवर त्यातलं शेवटचंच हाताशी उरलं.

"थोडं पाणी मिळेल का?" मी म्हणाले.

म्हातारीने मला खालून वर पाहिलं. "कोनाची वो तू? एवढ्या उनाची? तोंड पाह्य कसं झालं, तव्यावानी." ती उठली, माझ्या हातातून घागर घेतली आणि आत गेली. आतून तिचा आवाज येतच होता. "किती जन हाव?"

"तीन," मी म्हणाले.

"आन उपाशी निंघाले असन सकाळचे. शहरातले लोक, अक्कल नाई." ती बाहेर आली तेव्हा घागर जड झाली होती आणि तिच्या तोंडाशी वाफ होती. आत पांढरट, पातळ, मीठ घातलेली तांदळाची पेज होती. सगळी घागर. पानं तोडून येणाऱ्यांसाठी केलेली असणार. "उनातून आलेल्याले कोरं पानी देत नसतेत, बाई," ती म्हणाली. "पोटात धरते. हे घ्या, तिघंबी प्या. आन बसून प्या."

आता सांगायला हवं होतं. वाक्य अगदी सोपं होतं. पण तिने आपल्या घरच्यांची पेज ओतून दिली होती, आणि ती मोटरीत ओतायला पाणी हवं होतं हे तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी मान हलवली आणि घागर कमरेवर घेऊन परत निघाले. वाटेत ठरवलं, काकांना सांगू, पेज पिऊ, आणि पुन्हा विहिरीवर जाऊ.

काकांनी पंचा बाजूला केला. माझ्याकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं. "कोनी देल्लं?"

"त्या घरातल्या बाईंनी."

"तू मांगून आनलं? सवता बोलून?"

"हो."

ते उभे राहिले. पायरीवरून उठले ते असे, की जणू मघाचं सगळं तिथेच पायरीवर टाकून उठले. "वयनी!" त्यांनी हाक मारली. "पोरीनं पानी आनलं! बोलून आनलं!" आणि आत्याकडे बघत, हसत, त्यांनी माझ्या कमरेवरची घागर घेतली आणि बंबाच्या तोंडात उपडी केली.

"काका, ते—"

"चाल बस, बस. दिवस चालला."

मी बसले. इंजिन सुरू झालं. पहिली पाच मिनिटं मी साहेबाचं एक पान नुसतं धरून होते. साहेबाने तेल कसलं घालावं, हवा किती भरावी, सगळं सांगितलं होतं; पेजेबद्दल तो मुका होता. बंबाखालून धार लागलेली दिसत होती. मग ती बारीक झाली. मग थेंब थेंब. आणि मग, शप्पथ सांगते, थांबली. पेज तापत गेली, घट्ट होत गेली, आणि चाचांनी महिनाभर बुजवलेल्या आणि न बुजलेल्या सगळ्या फटींत जाऊन बसली.

वैनगंगेच्या पात्रात वाळूवर बांबूच्या ताट्या टाकून उन्हाळी रस्ता केलेला असे. तिथे पुढे बैलगाड्या, मागे आमची मोटर. इंजिन जोरात चालवावं लागलं आणि बंबाच्या झाकणाखालून वाफ येऊ लागली. वास सगळ्या पात्रभर पसरला. एका गाडीवाल्याने मान वळवली. "कावो भाऊ, मोटरीत भात मांडला का जी?" दुसरा म्हणाला, "थांबून जा रे, पंगत हाय!" काका हसले आणि म्हणाले, "इंजिन गरम झालं का असाच वास येते." आत्या मागून म्हणाली, "माह्या बंबात कधी नाई आला." मी नदीकडे पाहत होते.

ताईच्या दारात मोटर थांबली तेव्हा सूर्य घराच्या कौलांवर होता. अजून दोन बोटं वर. काकांनी भोंगा वाजवला, पाळणा उतरवला, आत्याला कडी काढून दिली. ती उतरली आणि तिने सूर्याकडे पाहिलं, नीट, डोळ्यांवर हात धरून. मग म्हणाली, "ठेवा तुमची मोटर. पन हिवाळ्याच्या आत मले बंब पाह्यजे." आणि पाळणा घेऊन आत गेली, डोळे पुसत; बारशाच्या घरात त्याचं कोणाला नवल वाटलं नाही.

सगळे आत गेल्यावर काका बंबापाशी गेले. पेरांनी दोनदा टकटक केलं. कान तिरका केला. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "भरीव हाय," ते म्हणाले, आणि आत पेढे खायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा काकांनी एकट्यानेच बंब रिकामा करून, धुऊन, चिंचेने घासून ठेवला होता. मोटरीभोवती शेजारच्या कोंबड्या जमल्या होत्या आणि मातीत काहीतरी टिपत होत्या. मी घाईने कोंबड्या हाकलल्या. गडचिरोलीतल्या एका लोहाराने पक्के डाग दिले आणि आम्ही परत आलो.

पुढच्या उन्हाळ्यात मी कॉलेजातून चांद्याला आले, तेव्हा बंब मोटरीवरच होता आणि आत्या हिवाळाभर खरोखरच बादली घेऊन गोठ्यात गेली होती. आम्ही ताईकडे निघालो. वाटेत कितीतरी विहिरी आल्या, पण काका त्याच घरासमोर थांबले. "जा," ते म्हणाले, "इथलं पानी चांगलं हाय." मी गेले. म्हातारीने मला लगेच ओळखलं.

"आली का वो? तुहा काका येऊन गेला होता तवाच, बारसं करून जाताना. एकलाच आला इथवर, तुमी झाडाखाली झोपल्या होत्या म्हने. तांदूळ देऊन गेला एवढे, पोतंभर. पाया पडला माह्या." ती हसली. "म्हने, पोरीले सांगजा नोको. तिले वाटते मले मालूम नाई."

मी पाणी घेऊन परत आले, साधं, विहिरीचं. काकांनी बंबात ओतलं. "काय म्हने बाई?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "तोंड तव्यासारखं झालंय म्हणाल्या."

"बरोबर हाय," ते म्हणाले, आणि आम्ही पुढे निघालो.

आता मी नागपूरला एका शाळेत शिकवते. वर्गात वाक्य आधी जुळवावं लागत नाही. मोटर अजून आहे. ताईच्या यजमानांनी, त्या भरीव माणसाने, काकांना गेल्या वर्षी नागपूरहून खरी जाळी आणून दिली, आणि बंब आत्याच्या न्हाणीत परत गेला. परवा काकांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं की नवी जाळी फार उत्तम, मोटर आता कुठे थांबत नाही, गडचिरोली तीन तासांत येते. म्हातारीच्या घरावरून सुसाट जातो, ती ओसरीतून हात करते, थांबायला काही कारणच राहिलं नाही. शेवटी लिहिलं होतं: साहेब तुझ्यापाशी आहे, तर जरा पाहून कळव, जाळी चांगली असताना वाटेत थांबायचं झालं तर काय करावं म्हणतो.

मी रविवारची सगळी दुपार साहेब चाळत बसले. त्यात पाणी गळण्याची बारा कारणं आहेत, आणि पाणी उकळण्याची नऊ. याचं उत्तर कुठल्याच पानावर नाही. येत्या मे महिन्यात मी स्वतःच जाईन म्हणते, आणि जाताना रिकामी घागर घेऊन जाईन.